सोडलं की थांबतं

२०२३ साल होतं आणि मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. साखरेच्या आजारानं डावा पाय मांडीतून गेला होता. उजवा होता, पण भार घेत नव्हता. उन्हाळ्यात जळगावच्या एका शिबिरातून मला बॅटरीवर चालणारी खुर्ची मिळाली. जामनेरला आमच्या दारात ती टेम्पोतून उतरवली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली, आणि मी आत भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. नवी बैलजोडी आणली की लोक बघायला येतात, तेव्हा छाती फुगते. खुर्ची आणल्यावर लोक काय बघायला येतात ते मला कळत होतं.

मी गाडीवान माणूस. चौथीतून शाळा सुटली आणि हातात कासरा आला, तो गावोगाव ट्रॅक्टर येईपर्यंत सुटला नाही. लोकांची कपाशी जिनिंगला नेली, केळीचे घड वाहिले, वऱ्हाडं नेली. पुस्तक मला अडखळत वाचता येतं, पण बैल घडाघडा वाचता येतो. दात, खूर, खांदा, डोळ्यातली भीती. आठवडे बाजारात जोडी ठरवण्याआधी लोक लांबून हाक मारायचे, "आबा, जरा नजर टाका." मी मान हलवली की मग पुढची बोलणी. पाय गेला आणि ती हाक बंद झाली. मला पुन्हा बैलबाजारात जायचं होतं, आणि एकट्यानं जायचं होतं. ज्याला स्वतःला दुसरा ढकलत आणतो, त्यानं बैलाच्या चालीतली खोड काढली तर कोण ऐकून घेईल?

माझा मुलगा दीपनगरला वीज केंद्रात कामाला आहे, आठवड्यानं घरी येतो. खुर्ची आली त्याच दिवशी त्यानं अटी घातल्या.

"आबा, आधी गल्लीत शिका. मागं झेंडा लावायचा, आरसा लावायचा, पट्टा बांधायचा, फोन गळ्यात. मंग कुठी जायचं तिथी जा. पण एकदा जरी पडले-झडले, तर खुर्ची जिथून आणली तिथी परत."

"मले शिकवू राह्यला? तुझ्या बापानं भरल्या गाड्या घाटातून उतरवल्या."

"त्या गाडीले बैल व्हते, आबा. त्यायले अक्कल व्हती."

तो पुढच्या आठवड्यात आला तेव्हाही मी त्याच्याशी बोललो नाही.

सून धुळ्याकडची, नरडाण्याजवळच्या खेड्यातली. तिचं बोलणं अजून अहिराणीच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्या तोंडावर एक शब्द बोलली नव्हती. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं, ही आमच्या घरातली रीत. आधी ती माझ्या बायकोला सांगायची. बायको गेल्यावर नातीला सांगू लागली. "आजोबांले सांग, ताट वाढी दिधं." आजोबा समोरच बसलेले. मग नात शिकायला जळगावला गेली आणि तिसरं माणूसच उरलं नाही, तेव्हा ती दाराच्या चौकटीला सांगू लागली. शेजारपाजारच्या घरांतून ही रीत कधीच गेली होती. सुना सासऱ्यांशी बसून टीव्हीवर वाद घालतात. मी मात्र ती जाऊ दिली नाही. मला त्यात मान वाटायचा.

खुर्ची आल्यावर ती खुर्चीशी बोलायला लागली.

शिबिरात एका बाईनं सगळं समजावून सांगितलं होतं, पण मी तेव्हा रागानं मंडपाच्या खांबाकडं बघत होतो. सुनेनं एकूण एक शब्द ऐकला होता. सकाळी चार्जरची पिन काढताना ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "काय वं खुर्ची, नालीवरच्या जाळीवर तिरपं चाक घालशी तर अडकशी. सरळ घालजो. उतारवर आडवी होऊ नको, कलंडशी." पावसाचं आभाळ असलं तर दांडीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. दांडी म्हणजे उजव्या हाताखालचा तो काळा खुंट. पुढं ढकलला की खुर्ची पुढं, मागं ओढला की मागं. पिशवी बांधून झाली की शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: "सोडी दिधं का थांबी जास. ध्यानात ठेव, माय." दांडी सोडली की खुर्ची थांबते, एवढंच ते.

मी मिशीला तेल लावत बसायचो, जसं काही ऐकूच आलं नाही. मला थोडंच सांगत होती? खुर्चीला सांगत होती. मी मान हलवली असती तर सुनेकडून शिकलो असं झालं असतं.

मी गल्लीत शिकलो नाही. गल्लीत बायका पाणी भरतात, त्यांच्यासमोर मागं-पुढं करत कोण शिकणार? मी सरळ कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. दुसऱ्या दिवशी मारुतीपर्यंत, मग दवाखान्यापर्यंत. झेंडा लाल कापडाचा, दुमडत्या काठीवर डोक्याच्याही वर जाणारा. ट्रॉलीतून लोखंडी सळया बाहेर आल्या की शेवटच्या टोकाला असंच लाल फडकं बांधतात. मी काय सळई आहे? कोपरा वळलो की झेंडा दुमडून पिशवीत. फोन पिशवीच्या तळाला. पट्टा मांडीखाली दाबलेला. आणि आरसा तर मी पहिल्याच दिवशी काढून खाटेखालच्या पेटीत टाकला होता. गाडीवान मागं बघत नसतो. मागच्याला गरज असेल तर तो आवाज देतो.

आणि काही झालं नाही. उन्हाळा सरला, पाऊस लागला, मी रोज बाहेर पडत होतो आणि खरचटलंसुद्धा नाही. टपरीवाला म्हणायचा, "आबा, तुमी तं एक नंबर चालवता." असं म्हणताना तो माझ्या खांद्यावरून मागं बघून हसायचा. मला वाटायचं, बॅटरी कुठं आहे ते बघतो.

पोळा जवळ आला, तेव्हा मी बाजारच्या दिवशी सकाळी नवं धोतर नेसलो, फेटा बांधला. सून खुर्चीला म्हणाली, "आज बाजार शे. बठ्ठा तालुका येस. गर्दीमां घुसू नको." अख्खा तालुका येणार, तेच तर मला हवं होतं. मी दांडी पुढं केली आणि निघालो.

बैलबाजाराच्या मैदानात उतरायला मातीचा उतार आहे. मी तो तिरपा उतरलो, कारण सरळ वाटेवर एक म्हैस उभी होती आणि तिच्यासाठी थांबणं मला बरं वाटलं नाही. वरच्या बाजूचं चाक क्षणभर हलकं झालं. तरी मी खाली पोचलो, आणि शेणाचा, चाऱ्याचा तो वास आला तेव्हा सगळं विसरलो. पोळ्याचा बाजार, त्यामुळं बैलांपेक्षा सजावट जास्त. झुली, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना लावायचे रंग.

"अरे, आबाचा रथ आला! सरका रे, सारथी म्हातारा हाये!" माझ्याबरोबर जिनिंगला गाड्या हाकणारा एक जुना गडी ओरडला. जवळ येऊन त्यानं खुर्चीच्या चाकाला हळूच लाथ मारली. "दात पाहू दे. किती वर्साची हाये?"

"तुझ्याहून तरनी हाये," मी म्हटलं. सगळे हसले.

मग एका शेतकऱ्यानं हाक मारली. तीच हाक. "आबा, जरा नजर टाका." पांढरी जोडी होती, दिसायला देखणी. मी खुर्ची त्यांच्याभोवती फिरवली. उजव्या बैलाचा खांदा मला खटकला. "जू बसतं तिथी हात फिरव. दाब जरा." त्यानं दाबलं, बैलानं कातडी थरथरवली, आत गाठ निघाली. विकणारा खाली बघायला लागला. चार माणसं म्हणाली, "वा आबा!" आणि त्या दोन शब्दांनी माझं वाटोळं केलं. पलीकडं आणखी एक जोडी उभी होती. मी वेगाची कळ शेवटापर्यंत फिरवली आणि मैदानातून भर वेगात निघालो, लोकांनी बघावं म्हणून.

चारा उतरवून रिकामी झालेली एक पिकअप गाडी अचानक मागं यायला लागली. तिचं मागचं फळकं थेट माझ्या तोंडासमोर आलं. त्या वेळी थांबायला फक्त हात उचलायचा होता. पण जन्मभर मी एकच थांबणं शिकलो आहे. बैल थांबवायचा तर कासरा ओढायचा. मी दांडी मागं ओढली.

खुर्ची थांबली, आणि मग मागं पळायला लागली. माझ्या हाताला वाटलं, जनावर बुजलं. बुजलेल्या जनावराचा कासरा सोडला तर गाडी गेली, माणूस गेला. म्हणून मी आणखी जोरानं ओढली. ती आणखी जोरानं मागं पळाली. पिकअप केव्हाच थांबली होती, तिचा ड्रायव्हर खिडकीतून तोंड काढून बघत होता, आणि मी उलटा धावत होतो. तोंडानं "होऽ होऽऽ" करत. खुर्चीला. सगळ्या बाजारासमोर.

मागं पोळ्याच्या सामानाचं दुकान होतं, बांबू रोवून वर ताडपत्री टाकलेलं. मी त्यात पाठमोरा घुसलो. घुंगरमाळा खणखणल्या. रंगाचे डबे कलंडले, गुलाबी माझ्या फेट्यावर आणि निळा धोतरावर. टांगलेले नवे कासरे चाकात गेले आणि चाक फिरेल तसे गुंडाळत गेले. खुर्ची बांबूला टेकून मागं कलली, माझा एक पाय वर आला, पट्टा तर मी बांधलाच नव्हता. तरी मी ओढतच होतो.

"आबालेच रंगवलं रे पोळ्याले!" कुणीतरी ओरडलं.

"शेपटी पिळा तिची, आबा!"

हसण्याचा लोंढा आला. आणि त्या हसण्यावरून एका बाईचा आवाज आला, चिरका, घाबरलेला.

"आबा, सोडा! सोडी द्या! आबा, हात सोडा!"

कोण बाई आपल्या बापाला ओरडते आहे, असं मला वाटलं. मग माझ्या मुठीवर दोन हात आले आणि त्यांनी माझी बोटं एकेक करून उचकटली. मूठ सुटली. खुर्ची जागच्या जागी थांबली. इतकी मुकाट की मला तिचाही राग आला.

मी मान वर केली. माझी सून होती. पदर खांद्यावर पडलेला, केस मोकळे, धाप लागलेली, हाताला गुलाबी रंग. माझा हात अजून तिच्या दोन्ही हातांत होता. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो, आणि सभोवती सगळा तालुका उभा होता.

माणसांनी खुर्ची उचलून सरळ केली. दुकानदारानं विळ्यानं कासरे कापून चाक मोकळं केलं. जुना गडी माझा फेटा झटकत म्हणाला, "बरं झालं. सूनबाई रोज मागं असती म्हनून."

"रोज?" मी विचारलं.

त्यानं फेटा झटकायचं थांबवलं. "तुमाले मालूम नाही? आबा, अख्ख्या गावाले मालूम हाये."

मला टपरीवाल्याचं हसणं आठवलं. मारुतीच्या पायरीवरच्या लोकांचं ते "राम राम" आठवलं, जे माझ्यानंतर थोडं उशिरानं पुन्हा एकदा व्हायचं. मी एकट्यानं फिरतो म्हणून इतके दिवस ताठ मानेनं बसलो होतो आणि माझ्यामागं हातात पिशवी घेऊन, पदर सावरून, थोडं अंतर राखून ती चालत होती. तिनं कधी आवाज दिला नाही. देणार कसा? रीत माझी होती.

परत निघालो तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पुन्हा माझ्या मागं राहिली. मी गुलाबी-निळा होऊन बाजारातून, मोठ्या रस्त्यावरून घरापर्यंत गेलो. वाटेत लोक थांबून बघत होते. पाय गेला तेव्हा मला दुःख झालं होतं. त्या दिवशी लाज वाटली, आणि दुःखापेक्षा ती जड निघाली. मला पहिल्यांदा मागं वळून बघावंसं वाटत होतं आणि मान वळत नव्हती.

घरी तिनं गरम पाणी आणि रॉकेलचा बोळा दाराशी ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही, चौकटीलासुद्धा नाही. मी पुसत बसलो. मिशीतला गुलाबी रंग काही निघाला नाही.

दिवेलागणीला मुलाचा फोन आला. ती भाकरी थापत होती, फोन डब्याला टेकवून आवाज मोठा केलेला. मी पलीकडच्या खोलीत खाटेवर होतो.

"कोनी तरी व्हिडिओ टाकला. माह्या कामावर सगळ्यायनी पाह्यला. माझा बाप रंगाच्या डब्यात! मी रविवारी येतो आन् खुर्ची परत देऊन टाकतो. घरात बसा म्हना आता."

भाकरी थापायचा आवाज थांबला. "नका देऊ," ती म्हणाली. "चूक आबांची नहीं, मनी शे."

"तुझी काय चूक?"

"मी खुर्चीले सांगं. आबांले कुठे सांगं? माणूसले सांगायचं ते मी लोखंडले सांगत बसनू."

"मंग सांग ना त्यायले आता!"

"कसं सांगू? घरमां रीत त्यासनी शे."

मग तो म्हणाला, "रविवारपर्यंत पाहतो," आणि फोन बंद झाला. भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली.

मी बोलायला हवं होतं. दोन पावलांवर होतो, म्हणजे पाय असते तर. ऐकलं सगळं मीच होतं. ती सांगायची ते मला पाठ होतं, नालीची जाळी, उतार, पिशवी, सोडलं की थांबतं. न सांगितल्याची चूक तिनं स्वतःवर घेतली होती, आणि ऐकून न ऐकल्याची माझी कुणाला माहीतसुद्धा नव्हती. ताट आलं तेव्हा जेवलो. भाकरी गोड लागली, त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवरून अर्धा खाली लोंबकळून पेटी ओढली आणि आरसा काढला. तो खुर्चीच्या डाव्या हाताला पक्का बसवला. झेंड्याची काठी बाजारात पिशवीतल्या पिशवीत मोडली होती. दुकानदारानं कापलेले कासऱ्याचे तुकडे सुनेनं पिशवीत घालून आणले होते, त्यातला एक घेऊन मी मोडलेली काठी खुर्चीच्या पाठीला बांधली. ही गाठ मला येते, ती ओल्या वाटेवर भरल्या गाडीतही सुटत नाही. फोन गळ्यात अडकवला. चार्जरची पिन मीच काढली. पट्टा बांधला आणि बाहेर पडलो.

गल्लीत बायका पाणी भरत होत्या. माझी मिशी बघून एक हसली आणि तिनं हंड्यामागं तोंड लपवलं. मी थोडा पुढं गेलो आणि आरशात बघितलं. आधी आमचं दार दिसलं. मग दारातून पिशवी आली, पदर आला, आणि ती बाहेर येऊन माझ्यामागं चालू लागली, तेवढंच अंतर राखून.

मी हात उघडला. सोपं नव्हतं. आधी करंगळी, मग बाकीची बोटं, अंगठा शेवटी. खुर्ची थांबली. आरशात तीही थांबली.

मी वाट बघितली. ती पुढं येईना. तेव्हा मी अख्खी खुर्ची हळूहळू वळवली, तिच्याकडं तोंड केलं आणि पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांसमोर म्हणालो, "इकडी ये. मले पहिल्यापासून शिकव. थांबायचं कसं, मागं घ्यायचं कसं, सगळं. तोंडावर सांग. आन् मले आलं, का मंग तू मागं यायचं नाही. मी एकटा जाईन."

तिनं पदर सावरला. सवयीनं तिनं खुर्चीकडं बघितलं, तोंडही उघडलं. मग नजर उचलून माझ्याकडं बघितलं.

"आबा," ती म्हणाली, "आधी हात मोकळा करा. परत मूठ वळनी तुमनी."

मी खाली बघितलं. खरंच वळली होती. मी ती उघडली.